रेडिओच्या वाटणीचे मडके

मी एक जुना रेडिओ आहे. खरे सांगायचे तर आता रेडिओची नुसती पेटी उरली आहे. काच, तारा, बटणे, सगळे केव्हाच गेले. माझ्या पोटात एक कोंबडी अंडी घालते आणि माझ्या डोक्यावर पाण्याचे मडके ठेवलेले असते. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याची काय ही दशा झाली. तसे वाटून घेऊ नका. लोक मला हार घालत होते ना, तीच माझी खरी दुर्दशा होती.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. सागवानी रंगाची पेटी, छातीवर जाळीदार कापड आणि काचेवर दूरदूरच्या शहरांची नावे. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी चार शहाण्या गोष्टी ऐकाव्यात म्हणून त्या काळात गावोगाव रेडिओ दिले जात होते. मला मुरबाड तालुक्यातले एक गाव मिळाले. वैशाखऱ्याच्या रस्त्यावरून आत वळले की डोंगराच्या पायथ्याशी ते गाव लागते. त्याचे नाव मी सांगणार नाही. तिथली नातवंडे शाळेत जातात. त्यांना आपल्या आजीआजोबांची लाज वाटायला नको.

मुरबाडपर्यंत मी मोटारीने आलो आणि पुढे बैलगाडीतून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून. गावाने माझी वाजतगाजत मिरवणूक काढली. चावडीच्या ओसरीवर एका फळीवर मला बसवले. बायकांनी माझ्या काचेवर हळदकुंकू थापले. दिल्ली आणि कलकत्ता त्या हळदीखाली गेले ते गेलेच.

गावात वीज नव्हती. मी विटेसारख्या जड बॅटरीवर चालत असे. पण नुसत्या बॅटरीने माझा आवाज फुटत नसे. मला दोन तारा लागत. एक कौलांवर बांबूला बांधलेली, आकाशातून आवाज घेणारी. दुसरी भिंतीच्या भोकातून मागे जाऊन जमिनीत पुरलेली. चावडीमागे एक खड्डा खणला होता. त्यात तांब्याचा पत्रा ठेवून वर कोळसा आणि मीठ भरले होते. माझी ही दुसरी तार त्या पत्र्याला जोडलेली होती.

मला बसवायला शहापूरहून एक कारागीर आला होता. जाताना तो म्हणाला, "हा खड्डा रोज एक मडकं पाण्याने ओला ठेवा. उन्हाळ्यात तर विसरूच नका. खड्डा सुकला की हा घोगरा होणार. मग मला बोलवायचं नाही."

गावाने ते मनावर घेतले. विहिरीचे एक मडके पाणी रोज माझ्या खड्ड्याला द्यायचे ठरले. घराघराच्या पाळ्या लागल्या. पण ते मडके चावडीमागे नेऊन ओतणार कोण? तिथे गावाचा उकिरडा होता. शेणाचा चिखल, माश्या, कुजका पेंढा. तिकडे पाऊल टाकायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांना हिरीची आठवण झाली.

ओहोळाच्या पलीकडे कातकऱ्यांची वाडी होती. दिवाळी झाली की सगळी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायची. हिरीचे गुडघे गेले होते, म्हणून ती मागे राहायची. तिला हे काम लावले. वाडीच्या माणसाने विहिरीला हात लावायचा नाही अशी गावाची रीत होती. म्हणून हिरी आपले मातीचे मडके विहिरीपासून लांब ठेवून बाजूला व्हायची. ज्या घराची पाळी असेल ती बाई वरून त्यात पाणी ओतायची. मग हिरी ते मडके कमरेवर घेऊन लंगडत चावडीमागे यायची आणि माझ्या खड्ड्यात रिकामे करायची.

मित्रांनो, हे नीट ध्यानात घ्या. रोज तिचे मडके विहिरीच्या गोड पाण्याने भरत होते, पण त्यातला एक घोटसुद्धा तिचा नव्हता. ते माझ्या वाटणीचे पाणी होते. स्वतःला प्यायला ती ओहोळात वाळू उकरून डवरा करायची. त्यात पाणी झिरपायची वाट बघत बसायची. गुरेही तिथेच उतरत.

या कामाबद्दल तिला काय मिळत होते? चावडीच्या ओसरीखाली, पागोळ्या पडतात त्या जागी बसून माझा आवाज ऐकायची परवानगी. माझी बटणे आणि चावडीची किल्ली लडकूच्या ताब्यात होती. तो म्हणायचा, "हिरे, तुला तं फुकट नाटक ऐकाया मिलतंय. आनखी काय पायजे?" आणि हिरी हसायची. तिला नाटक आवडायचे, हे मात्र खरे.

सगळ्या गावालाच नाटकाचे वेड होते. मी खतांची माहिती सांगायचो, देवीच्या लसीबद्दल सांगायचो, बाजारभाव सांगायचो. तेव्हा लोक तंबाखू चोळत आणि भिंतीवर पिचकाऱ्या मारत. माझ्या फळीखालची भिंत लालभडक झाली होती. ओल धरली की तिचा वास माझ्या कापडात शिरायचा. पण गुरुवारी संध्याकाळी नाटक लागले की ओसरीवर बोट ठेवायला जागा नसे. एकेक नाटक अनेक गुरुवार चालायचे. त्यांची खरी नावे कोणाच्या लक्षात राहत नसत. गाव आपली नावे ठेवायचे. आंधळ्या बापाचे नाटक. चोरलेल्या नथीचे नाटक. दोन भावांच्या बांधाचे नाटक.

पौषात म्हसा गावची जत्रा झाली की त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सगळे चावडीवर जमत. जत्रेतून आणलेली शेव-रेवडी मधे ठेवत आणि सरत्या वर्षातले सगळ्यात चांगले नाटक कोणते यावर भांडत.

"औंदा आंधल्या बापाचा नाटक पयला," लडकू म्हणायचा.

"त्यात काय व्हता रे? बाप आंधला, पोरं बहिरी, आन ऐकनारं मुकं," असे म्हणून कमळू रेवडी तोंडात टाकायचा. कमळू गावातला टवाळ होता. त्याच्या प्रत्येक वाक्याला ओसरी हसायची.

"मी तं नथीच्या नाटकाला जास्ती रडली," धोंडीबाई म्हणायची.

आणि तिथे वाद मिटायचा. धोंडीबाई ज्या नाटकाला जास्त रडली, ते नाटक पहिले. कारण तिच्यासारखे रडणे पंचक्रोशीत कोणाला जमत नव्हते. ती मोठ्या घरची, चार बैलांच्या दावणीची मालकीण होती. रडायला बसताना ती जाड पदराचे लुगडे नेसून यायची. नाटक ठरले की त्याच्या नावाने माझ्यासमोर नारळ फुटायचा.

पहिली एकदोन वर्षे मलाही या रडण्याचा अभिमान वाटला. वाटायचे, माझ्या आवाजाने एवढी माणसे विरघळतात. मग हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागले. आंधळ्या बापासाठी रडून उठलेला माणूस घरी जाताना आपल्या बापाला "सरक ना म्हाताऱ्या, वाटंत बसलास" म्हणायचा. बांधाच्या नाटकाला हळहळलेले दोघे भाऊ सकाळी बांधावरच एकमेकांवर कोयते उगारायचे. मला त्या आसवांची शिसारी येऊ लागली. पावसाळ्यात कुजक्या पेंढ्याला सुटते तसले ते पाणी होते. त्याने कोणाचे शेत भिजत नव्हते आणि कोणाची तहानही भागत नव्हती.

पण खरी किळस आली ती एका उन्हाळ्यात. एकसष्ट साल असावे.

त्या वर्षी चैत्रात एक नवे नाटक सुरू झाले. एका सुनेला सासू तान्ह्या मुलासकट घराबाहेर काढते. नवरा परगावी असतो. सून त्याच दाराशी परत परत येते आणि सासू दार उघडत नाही. गावाने त्याला दाराबाहेरच्या सुनेचे नाटक म्हटले. असे वेड मी कधी पाहिले नव्हते. विहिरीवर, खळ्यावर, मोहाची फुले वेचताना, सगळीकडे एकच बोलणे. म्हातारी दार उघडील की नाही?

त्याच दिवसांत हिरीची मुलगी गुणी बाळंतीण झाली. तिचा नवरा सावळ्या तेव्हा काळू नदीकडच्या भट्टीवर होता. गुणी बाळंतपणाला आईकडे आली होती. मुलगी झाली. दोन दिवस बरे गेले आणि मग गुणीला जुलाब लागले. डवऱ्यातले पाणी वैशाखात हिरवे झाले होते. गुणी सुकत चालली, तिचे दूध आटले आणि ती तान्ही पोर नुसती कण्हू लागली.

हिरी लडकूकडे आली. मी फळीवरून ऐकत होतो.

"दादा, त्या मडक्यातलं आर्धं पानी मला दे. गुनीला पाजीन. खड्डा आर्ध्यात भिजंल."

लडकूने किल्ली कमरेला खोचली. "माझ्या हातात काय हाय गो? पानी गावाचं. गावाला इचार."

गुरुवारच होता. माणसे जमत होती. हिरी पागोळ्यांच्या जागेवरून उठून उभी राहिली. एरवी ती कधी उभी राहत नसे.

"बाय, तुमी मोठी मानसं. माझ्या पोरीला डवऱ्याचं पानी सोसत नाय. इहिरीचं एक मडकं रोज तिला द्या. ती उठून बसंपर्यंत."

"मंग उकलून पाज की," धोंडीबाई म्हणाली.

"उकललं तरी हिरवंच रहतंय, बाय."

"हिरवा म्हंजे झाडपाल्याचा काढाच झाला," कमळू म्हणाला. "वैद्य तरी दुसरा काय देतो?"

ओसरी हसली. त्या हसण्याने माझी पेटी थरथरली. पेटी माझी होती, हसू त्यांचे होते.

"हिरे, आता बस बघू खाली," धोंडीबाई म्हणाली. "नाटक लागतंय. आदी ते व्हऊ दे, मंग बघू."

लडकूने बटण फिरवले. त्या भागात सून भर उन्हात दाराशी येते. पोर कडेवर. ती म्हणते, आई, दार नका उघडू, पण घोटभर पाणी द्या. आतून सासू म्हणते, थांब, आधी माझी पूजा होऊ दे.

ओसरीवर हुंदके फुटले. धोंडीबाईने पदर डोळ्यांना लावला. "मेली सासू," ती म्हणाली. "घोटभर पानी द्याया हिचं काय जातंय? कीडं पडतील हातांत."

मित्रांनो, हे शब्द मी माझ्या समोर ऐकले. हिरी तिच्यापासून हातभर अंतरावर, ओसरीच्या खाली बसली होती. तिनेही ऐकले.

नाटक संपले. हिरी पुन्हा उभी राहिली. धोंडीबाई नाक पुसत उतरत होती.

"बाय, मंग पान्याचं?"

"आता नको गो. माझा जीव कसा झालाय बघ. त्या पोरीचं ऐकून छाती भरून आली. उद्या बघू."

आणि ती गेली. सगळेच गेले. जाताना एकाने माझ्या भिंतीवर पिचकारी मारली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बोलणे झाले म्हणे. लडकूने येऊन हिरीला निकाल सांगितला. "नाय बोलतात. आज तुला एक मडकं दिलं तं उद्या सगली वाडी रहाटाशी उभी रहल. तू आपली खड्ड्याची पाली चालू ठेव."

हिरीने मडके कमरेवर घेतले. विहिरीकडे गेली, मडके ठेवून बाजूला झाली. पाणी ओतले गेले. तिने मडके उचलले आणि चावडीमागे आली. माझी एक तार त्या खड्ड्यात होती, म्हणून मागे काय चालते ते मला कळत असे. रोज त्या वेळी तारेतून गारवा वर यायचा. त्या दिवशी मी वाट बघत राहिलो. गारवा आला नाही. तिच्या लंगड्या पावलांचा आवाज उकिरड्याच्या कडेने ओहोळाकडे गेला आणि दूर होत विरला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. चावडीच्या भिंतीआड कोणी बघायला येत नव्हते. उकिरड्याच्या घाणीनेच तिला झाकले.

तुम्ही विचाराल, माझ्या वाटणीचे पाणी गेले याचे मला वाईट वाटले का? मुळीच नाही. वर्षानुवर्षे मी ते पाणी मातीत घातले होते. पहिल्यांदाच ते कोणाच्या तरी पोटात जात होते. माझा घसा बसू लागला आणि मला बरे वाटू लागले.

पुढच्या गुरुवारी माझा आवाज बारीक आला. लोकांनी कान पुढे केले. त्यापुढच्या गुरुवारी मधेच खरखर सुरू झाली. सून रडते आहे की कोणी सुपात धान्य पाखडते आहे, ते समजेना. गाव हादरले. गुणीच्या जुलाबांनी जे हादरले नव्हते, ते माझ्या खोकल्याने हादरले.

मग माझी शुश्रूषा सुरू झाली. काय ती माया. धोंडीबाईने माझी दृष्ट काढली. पेटीला लिंबू-मिरची टांगली. लडकू शहापूरला जाऊन नवी बॅटरी घेऊन आला. कमळू कौलांवर चढला, आकाशातली तार ताणून बांधली आणि उतरताना चार कौले फोडून आला. एकाने माझ्या कापडावर अंगारा लावला. लडकू मला गालात मारल्यासारखी चापट मारायचा आणि वाट बघायचा. खड्डा बघावा असे एकाच्याही मनात आले नाही. तिकडे उकिरडा होता ना.

शेवटच्या भागाचा गुरुवार आला. नाटक आज संपणार, हे सगळ्यांना माहीत होते. शेजारच्या पाड्यावरचीही माणसे आली होती. ओसरी गच्च भरली, अंगण भरले. बाळे पदराखाली गप्प केली होती. हिरी आपल्या जागेवर येऊन बसली. मी सुरू झालो.

सुरुवातीचे थोडे कळले. सून शेवटची म्हणून दाराशी आली आहे. पोराला ताप आहे. ती कडी वाजवते. आतून पावले येतात. कडीवर हात पडल्याचा आवाज होतो. सासू म्हणते, "कोण आहे?" सून म्हणते, "आई, मी," आणि तिथे माझा आवाज गेला. उरली नुसती खरखर. तापलेल्या खापरावर पाणी टाकल्यासारखी.

लडकूने सगळी बटणे फिरवली. मला उचलले, हलवले, खाली ठेवले. खरखर काही थांबेना. थोड्या वेळाने दुसऱ्याच कोणाची शहनाई अस्पष्ट ऐकू येऊ लागली, म्हणजे नाटक संपले होते.

"खड्डा बघितला का रे कोनी?" गर्दीतून गोदू नावाचा एक जण म्हणाला. तो क्वचितच बोलायचा.

कमळू नाकाला उपरणे लावून चावडीमागे गेला आणि परत आला. "खड्डा कोरडा ठाक," तो म्हणाला. "आत पालीनं घर केलंय."

सगळ्यांच्या माना ओसरीखाली वळल्या. हिरी उठली नाही. बसूनच राहिली.

"हिरे, पानी रोज नेत व्हतीस ना?" लडकूने विचारले.

"नेत व्हते."

"मंग ओतलंस कुठं?"

"गुनीला पाजलं."

शहनाई चालूच होती. मग धोंडीबाई पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि या वेळी ते खरोखर रागाचे होते.

"चोरटे. गावाचं पानी चोरलंस आन नाटक नासवलंस आमचा. एवडं गुरवार जीव टांगून बसलो, आन शेवटाला तू ह्ये केलंस?"

"बाय," हिरी म्हणाली, "तुमचा नाटक पुढच्या गुरवारी दुसरा येल. माझी गुनी दुसरी नसती आली."

"तोंड चालवते बघा," कोणीतरी म्हणाले.

"तुमीच बोललाव ना बाय, घोटभर पानी द्याया काय जातंय?"

"अगो ते नाटक व्हतं," धोंडीबाई म्हणाली. तिला खरेच नवल वाटले होते, की एवढी साधी गोष्ट या बाईला कशी कळत नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर मी काय बोललो असतो ते सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

गावाने निवाडा केला. हिरीने चावडीच्या सावलीला यायचे नाही. तिच्या मडक्यात कोणी पाणी ओतायचे नाही. हिरीने आपले मडके उचलले, आत बघितले आणि कमरेवर घेऊन निघून गेली. गुणी तोवर उठून बसू लागली होती. पहाटे मायलेकी त्या तान्ह्या पोरीला घेऊन काळू नदीच्या वाटेला लागल्या. तिथे भट्टीजवळ डोह होता.

आणि खड्ड्याचे काय झाले? आता गावकरी स्वतः पाणी ओतू लागले. उकिरडा तुडवून. जिथे हिरीशिवाय कोणी जात नव्हते, तिथे धोंडीबाई लुगडे वर खोचून जाऊ लागली. एकाच्या जागी दोन दोन हंडे. खड्डा असा तुडुंब भरायचा की कडेने बेडकांची पिल्ले झाली. माझा आवाज पुन्हा खणखणीत झाला. मला त्याची लाज वाटायची.

त्या वर्षी म्हशाची जत्रा झाली आणि नेहमीप्रमाणे शेव-रेवडी मधे ठेवून गाव बसले. वर्षातले पहिले नाटक कोणते यावर वादच झाला नाही. दाराबाहेरच्या सुनेचे.

"पन त्याचा शेवट कुठं ऐकला आपन?" गोदूने विचारले.

"शेवट आनखी काय असनार?" धोंडीबाई म्हणाली. "म्हातारीनं दार उघडलं. मानूस हाय ती, दगड नाय."

"आन पानी?" कमळूने विचारले.

"पानी बी दिलं. नुसतं पानी नाय, गूल घालून दिलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गूळपाणी दिले हे एकमताने ठरले. काही बायकांच्या डोळ्यांत तेवढ्यावरच पाणी आले. मग नारळ फुटला, आणि नाटक नासले त्या जागेची शांत म्हणून नारळाचे पाणी कमळूने मागे नेऊन माझ्या खड्ड्यात ओतले. ते गोड पाणी माझ्या तारेतून वर चढले आणि मला ते थुंकता येईना.

पुढची गोष्ट लहान आहे. काही वर्षांनी गावात ट्रान्झिस्टर आला. काखेत मावणारा, खड्डा न मागणारा. लोकांनी मला एका दिवसात टाकले. मी चावडीच्या मागच्या खोलीत डीडीटीच्या पिपांजवळ पडून राहिलो. उंदरांनी माझे कापड खाल्ले. पोरांनी लोहचुंबकासाठी माझी छाती फोडली. शेवटी खोली झाडायची म्हणून मला उकिरड्यावर फेकले, त्या खड्ड्याच्याच काठावर. खड्डा बुजला होता. त्यावर माठाची भाजी उगवली होती.

तिथून सावळ्याने मला उचलले. तो मोळी विकून वाडीकडे परत जात होता. भट्टीचे काम सुटल्यावर गुणी आणि तो पुन्हा वाडीत येऊन राहिले होते. हिरी तिकडेच नदीकाठी वारली होती. तिचे मडके मात्र गुणीने जपून आणले होते. सावळ्याने मला झोपडीच्या दाराशी दगडांवर ठेवले आणि गुणीने ते मडके माझ्यावर ठेवले. इतकी वर्षे त्या मडक्याने मला पाणी पाजले होते. आता मी त्याला डोक्यावर घेतो. ते पाझरते आणि माझे लाकूड कुजते. कुजू दे. त्या उन्हाळ्यातली ती तान्ही पोर, गोदी, आता एवढी मोठी झाली आहे की माझ्या पोटात हात घालून अंडी काढते. गुणी तिला आजीच्या गोष्टी सांगते. बऱ्याचशा मी अशाच ऐकल्या.

परवा चैत्राच्या उन्हात एक म्हातारी वाटेने आली. वैशाखऱ्याला लेकीकडे जाऊन पायी परतत होती. काठी टेकत दाराशी थांबली. मी आवाजावरून ओळखले. धोंडीबाई.

"पानी दे गो पोरी," ती म्हणाली. मग तिने मागे पाहिले, वाटेकडे पाहिले. कोणी बघत नव्हते. तिने खाली बसून ओंजळ पुढे केली.

गुणीने मडक्यात तांब्या बुडवला आणि वरून धार धरली. धोंडीबाई घटाघटा प्यायली.

"तू हिरीची ना?"

"हां बाय."

"बरी व्हती बिचारी." ती तोंड पुसत म्हणाली. "एक डाव आमचा नाटक नासवला तिनं. बाकी बरी व्हती. आता तसं नाटक पन लागत नाय. काय रडलेलो आमी, काय सांगू तुला."

गुणीने तांब्या पुन्हा बुडवला. "आजून ओतू काय?"

"ओत."

गुणीने ओतले. धोंडीबाई पुरेसे प्यायली, उरलेले पायांवर घेतले, तोंडावर मारले आणि निघून गेली. मी तिच्या मांडीला लागून होतो. तिने मला ओळखले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, यंत्रांची निगा राखा, हे तुम्हाला शाळेत सांगतात. तेही करा. माझे मागणे वेगळे आहे. गोष्ट ऐकून रडू आले तर जरूर रडा. मग उठताना ओसरीच्या खाली वाकून बघा. तिथे कोणी मडके घेऊन बसले असेल तर त्याला उद्या ये म्हणू नका.

वाडीच्या माणसाने गावाच्या विहिरीला अजूनही हात लावायचा नाही. धोंडीबाई गेली तेव्हा माझ्या डोक्यावरचे मडके हलके झाले होते. गोदीने ते उचलले, आत बघितले आणि वाळू उकरायला ओहोळाकडे गेली.